हॉल यांचे वेटोळे आणि सोन्याचा वर्ख : स्तरयुक्त पदार्थांतील चुंबकरोधाचा इतिहास

प्रस्तावना

चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर वाहकाच्या विद्युत् रोधात जो बदल होतो त्यास ‘चुंबकरोध’ असे म्हणतात. ग्राफीन, टंगस्टन डायटेल्युराइड, क्रोमियम ट्रायआयोडाइड यांसारख्या स्तरयुक्त, म्हणजे पापुद्र्यांवर पापुद्रे रचून बनलेल्या पदार्थांमुळे गेल्या दोन दशकांत या विषयाला नवे महत्त्व प्राप्त झाले आहे. त्याचा इतिहास सांगताना बहुधा २००४ सालच्या ग्राफीनपासून, फार तर १९८८ सालच्या महाचुंबकरोधापासून सुरुवात केली जाते. ही सुरुवात सोयीची असली तरी ती अपुरी आहे. या विषयातील मूळ प्रश्न एकोणिसाव्या शतकात विचारला गेला होता आणि त्याचे पहिले उत्तर नकारार्थी आले होते. ते उत्तर चूक नव्हते. मात्र ते का नकारार्थी आले हे समजण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. ते समजल्यावर असेही लक्षात आले की, नकाराचे कारण ज्या पदार्थात नाहीसे होते त्याच पदार्थात रोधाची वाढ प्रचंड होते. स्तरयुक्त पदार्थांचे या इतिहासातील स्थान या सूत्रावरून ठरते. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

बाल्टिमोर येथील तेरा मालिका

चुंबकाचा रोधावर परिणाम होतो, हे लोह व निकेल या चुंबकीय धातूंच्या बाबतीत ग्लासगो येथील विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले होते. प्रवाहाच्या दिशेने चुंबकन केल्यास लोहाचा रोध किंचित वाढतो व आडव्या दिशेने केल्यास किंचित घटतो, असे त्यांना आढळले. परंतु लोह स्वतःच चुंबक बनते. त्यामुळे चुंबकाने नेमके कशावर कार्य केले, धातूवर की त्यातून वाहणाऱ्या विजेवर, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

हाच प्रश्न अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड यांच्या मार्गदर्शनाखाली शिकणाऱ्या एडविन हॉल या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यास पडला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या १८७३ सालच्या ग्रंथात एक विधान होते. चुंबकीय क्षेत्रात प्रवाहवाहक तारेवर जे बल कार्य करते ते तारेवर असते, प्रवाहावर नव्हे, असा त्याचा आशय. एका स्वीडिश शास्त्रज्ञाच्या लेखात हॉल यांना याच्या उलट मत वाचावयास मिळाले. त्यांनी रोलंड यांना विचारले, तेव्हा रोलंड यांनाही मॅक्सवेल यांच्या विधानाविषयी शंका असल्याचे कळले. गुरूने शंकेस दुजोरा दिला नसता तर हॉल यांनी मॅक्सवेल यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाचे विधान तपासण्याचे धाडस केले असते की नाही, हे सांगणे कठीण आहे.

हॉल यांचा तर्क सरळ होता. तार घट्ट बसवलेली असेल आणि चुंबक खुद्द प्रवाहाला ओढत असेल, तर प्रवाह तारेच्या एका बाजूस सरकेल. त्याला वाहण्यास मिळणारी जागा कमी होईल आणि तारेचा रोध वाढेल. तेव्हा रोधाची वाढ मोजली की प्रश्न सुटला. यासाठी त्यांनी सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाच्या जर्मन सिल्व्हरच्या तारेचे एक चपटे वेटोळे तयार केले, ते कठीण रबराच्या दोन पातळ चकत्यांमध्ये बसवले आणि विद्युत्‌चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवले. वेटोळ्याचा रोध सुमारे दोन ओहम होता. चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षितिजसमांतर क्षेत्राच्या पंधरा ते वीस हजार पट, म्हणजे आजच्या एककात टेस्लाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असावे. वेटोळे व्हीट्स्टन सेतूच्या एका भुजेत जोडले होते आणि रोधात दहा लक्षांत एक भाग एवढा बदल झाला तरी तो कळावा इतके गॅल्व्हानोमीटर संवेदनशील केले होते.

७ ते ११ ऑक्टोबर १८७९ या पाच दिवसांत हॉल यांनी निरीक्षणांच्या तेरा मालिका घेतल्या. प्रत्येक मालिकेत चाळीस वाचने होती : चुंबक एका दिशेने चालू, मग बंद, मग उलट दिशेने चालू, पुन्हा बंद. काही मालिकांत रोध किंचित वाढल्याचे दिसले, काहींत किंचित घटल्याचे. एखाद्या संपूर्ण मालिकेतील सर्वांत मोठा बदल दीड लाखात एक भाग एवढा होता, आणि तोही घट दाखवणारा. तेरा मालिकांची सरासरी पन्नास लाखांत एक भाग एवढी घट निघाली. चुंबकामुळे वेटोळ्याच्या रोधात काहीही बदल होत नाही, असा निष्कर्ष हॉल यांनी काढला आणि तो आपल्या निबंधात प्रामाणिकपणे नोंदवला. पाचशेहून अधिक वाचने घेऊन हाती शून्य आल्यावर अनेक संशोधक विषय सोडून देतात व त्या शून्याचा उल्लेखही करीत नाहीत. हॉल यांनी तसे केले नाही, म्हणूनच पुढील इतिहास सांगता येतो.

शून्य आल्यावर त्यांनी केलेला विचार अधिक महत्त्वाचा आहे. चुंबक प्रवाहाला एका बाजूस ढकलत असेल, पण त्याला प्रत्यक्षात सरकवू शकत नसेल, तर वाहकात एक प्रकारचा ताण निर्माण होईल. वीज एका कडेवर दाब देत राहील. तसे असल्यास वाहकाच्या समोरासमोरील दोन कडांमध्ये विभवांतर आढळले पाहिजे. असा प्रयोग रोलंड यांनी पूर्वी करून पाहिला होता, परंतु त्यांना काही आढळले नव्हते. त्यांच्याच सूचनेवरून हॉल यांनी या वेळी जाड पट्टीऐवजी काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख घेतला. २८ ऑक्टोबर १८७९ रोजी गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला आणि चुंबक चालू असेपर्यंत हललेलाच राहिला. आज ‘हॉल परिणाम’ म्हणून ओळखला जातो तो हाच. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, ५ नोव्हेंबर रोजी, मॅक्सवेल यांचे निधन झाले.

वर्खाची निवड हा योगायोग नव्हता. आडवे विभवांतर पट्टीच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. जाडी जितकी कमी तितके ते मोठे. या विषयातील पहिला यशस्वी प्रयोग शक्य तितक्या पातळ थरावर झाला, हे द्विमितीय पदार्थांच्या पुढील इतिहासाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांत भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून हॉल परिणामाचा प्रयोग जर्मेनियमच्या स्फटिकावर करून घेतला जातो. वर्खाची हकिकत पाठ्यपुस्तकात आली तर एका ओळीत येते. जर्मन सिल्व्हरचे वेटोळे तर त्याहूनही क्वचित. ज्या प्रश्नातून शोध लागला तो प्रश्नच गाळून शोध शिकवण्याची ही पद्धत आता बदलावयास हवी.

रोध का वाढला नाही?

हॉल यांच्या दोन प्रयोगांचा परस्परसंबंध त्यांच्या हयातीतच हळूहळू स्पष्ट होत गेला. पाटातून वाहणारे पाणी एका काठाकडे लोटले जात आहे, अशी कल्पना करावी. त्या काठाला पाण्याची पातळी चढते. चढलेली पातळी पाण्याला उलट दिशेने ढकलू लागते आणि दोन्ही ढकलण्या समसमान झाल्यावर पाणी पूर्वीसारखेच सरळ वाहू लागते. धातूतही असेच घडते. चुंबकीय बलामुळे प्रभार एका कडेस साचतो व त्याच्यामुळे निर्माण झालेले आडवे विद्युत् क्षेत्र चुंबकीय बलाला तंतोतंत तोलते. सर्व वाहक कण एकाच प्रकारचे व एकाच वेगाचे असतील तर त्यांचा मार्ग मुळीच वाकत नाही आणि रोध बदलत नाही. म्हणजे वर्खात जो परिणाम हॉल यांना सापडला, तोच वेटोळ्यातील परिणाम न सापडण्याचे कारण होता. शिवाय जर्मन सिल्व्हर हा मिश्रधातू. त्यात वाहक कणांना पदोपदी अडथळे येतात. त्यामुळे उरलासुरला बदलही हॉल यांच्या उपकरणाच्या मर्यादेच्या फार खाली होता.

ही तोलाची कल्पना १९११ मध्ये इटलीतील ओर्सो कोर्बिनो यांच्या प्रयोगामुळे ठसठशीत झाली. त्यांनी पट्टीऐवजी मध्ये भोक असलेली चकती घेतली आणि प्रवाह केंद्राकडून परिघाकडे जाऊ दिला. अशा चकतीत प्रभार साचण्यास कडाच उरत नाहीत. आडवे क्षेत्र तयार होत नाही, प्रवाह वळसे घेत जातो आणि रोध वाढतो. धातू तोच, चुंबक तोच. आकार बदलताच हॉल यांनी शोधलेला परिणाम प्रकट होतो.

कोर्बिनो यांनी जे भूमितीने साधले ते काही पदार्थ निसर्गतःच साधतात, हे मात्र वेगळ्या वाटेने उलगडले. लोहात आडवे विभवांतर सोन्याच्या उलट दिशेने येते, हे हॉल यांनाच १८८० मध्ये दिसले होते. पुढे इतरही काही धातू असे ‘उलटे’ निघाले. वाहक कण ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन असताना ते धन प्रभाराचे असल्यासारखे का वागावेत, याचा उलगडा रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९२९ मध्ये क्वांटम सिद्धांताच्या आधारे केला. जवळजवळ भरलेल्या ऊर्जापट्ट्यातील रिकाम्या जागा, म्हणजे ‘पोकळ्या’, धन कणांप्रमाणे वाहतात. एकाच पदार्थात इलेक्ट्रॉन व पोकळ्या दोन्ही असू शकतात, हे मान्य झाल्यावर हॅरी जोन्स व क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये रोधाच्या बदलाचा सिद्धांत मांडला आणि पुढे दोन पट्ट्यांच्या प्रतिमानास निश्चित रूप आले. इलेक्ट्रॉन व पोकळ्या परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात, परंतु चुंबकीय बल दोघांनाही एकाच कडेस ढकलते. दोहोंची संख्या समान असेल तर त्या कडेवर ऋण व धन प्रभार एकमेकांना खोडून काढतात. आडवे क्षेत्र उभे राहू शकत नाही, चुंबकीय बलास तोलणारे काही उरत नाही, आणि रोध क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात, कोठेही न थांबता, वाढत जातो. हॉल परिणाम जेथे मावळतो तेथे चुंबकरोध उगवतो, असे या सिद्धांताचे सार सांगता येईल.

बिस्मथ

सिद्धांत येण्याच्या पुष्कळ आधी याचे उदाहरण प्रयोगशाळेत पडून होते. बिस्मथमध्ये इलेक्ट्रॉन व पोकळ्या समान, अत्यल्प संख्येने असतात व दोघेही अडथळ्याविना दूरवर जातात. फिलिप लेनार्ड व हॉवर्ड यांनी १८८८ मध्ये दाबून काढलेल्या बिस्मथ तारेपासून चुंबकीय मापनाची साधने तयार केली. चुंबकाजवळ नेताच बिस्मथ तारेच्या चपट्या वेटोळ्याचा रोध इतका बदलतो की, त्यावरून क्षेत्राचे मूल्य काढता येते. हॉल यांच्या वेटोळ्याचा आकारही चपटाच होता. त्यांनी जर्मन सिल्व्हरऐवजी बिस्मथ घेतले असते तर पहिल्याच मालिकेत होकार मिळाला असता. मात्र मग वर्खाकडे वळण्याचे कारण उरले नसते. 

बिस्मथचा अभ्यास सर्वांत तीव्र क्षेत्रांपर्यंत नेला तो केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत प्योत्र कापित्सा यांनी. स्थिर चुंबकाने मिळणारे क्षेत्र अपुरे होते, म्हणून त्यांनी एका मोठ्या जनित्रातून सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागापुरता प्रचंड प्रवाह सोडून ३० टेस्लांच्या आसपासचे क्षेत्र मिळवले. जनित्राच्या धक्क्याने जमीन हादरत असे. त्यावर कापित्सा यांनी काढलेला तोडगा नमुनेदार आहे : वेटोळे जनित्रापासून सुमारे वीस मीटर दूर ठेवले, म्हणजे हादरा पोहोचेपर्यंत मापन आटोपलेले असे. १९२८ व १९२९ मधील निबंधांत त्यांनी दाखवले की, अनेक धातूंचा रोध तीव्र क्षेत्रात वर्गाच्या नव्हे तर सरळ क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो. हा ‘रेषीय’ चुंबकरोध सिद्धांतात बसेना, आणि त्याचा वाद पुढे कित्येक दशके चालला.

लायडेन येथे लेव शुबनिकोव्ह व व्हान्डर योहानेस दे हास यांनी १९३० मध्ये अतिशय शुद्ध बिस्मथ स्फटिक द्रव हायड्रोजनच्या तापमानापर्यंत थंड केले, तेव्हा क्षेत्र वाढवत नेल्यास रोध वरखाली हेलकावे घेत वाढतो असे आढळले. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पायऱ्या पडतात, आणि एकेक पायरी रिकामी होताना एक हेलकावा उमटतो. स्फटिक थोडा जरी अशुद्ध असला तरी हे हेलकावे पुसले जातात. म्हणून या शोधाचे श्रेय शुबनिकोव्ह यांच्या स्फटिक वाढवण्याच्या कौशल्यास द्यावे लागते. मायदेशी परतल्यावर त्यांनी खारकीव येथे शीततापमानाची प्रयोगशाळा उभारली. १९३७ मध्ये स्टालिनच्या दमनसत्रात त्यांना अटक झाली आणि त्याच वर्षी गोळ्या घालून ठार मारण्यात आले. आज प्रत्येक नव्या द्विमितीय पदार्थाची पहिली परीक्षा त्यांच्या नावाच्या हेलकाव्यांनी होते.

पापुद्र्यांचे पदार्थ आणि कृत्रिम द्विमिती

स्तरयुक्त पदार्थांत पापुद्र्याच्या आतील बंध मजबूत व दोन पापुद्र्यांमधील बंध दुबळे असतात. अभ्रक किंवा शिसपेन्सिलीतील ग्राफाइट हाताळणाऱ्यास हे माहीत असते. विजेच्या दृष्टीने याचा अर्थ काय, याचा एक प्रारंभिक व मूलगामी अभ्यास भारतात झाला. कलकत्ता येथील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत के. एस. कृष्णन यांनी एन. गांगुली यांच्यासह ग्राफाइटच्या एकल स्फटिकांचे चुंबकीय व विद्युत् गुणधर्म तपासले. थराच्या दिशेने ग्राफाइट उत्तम वाहक असते, थरांच्या आडव्या दिशेने मात्र त्याची संवाहकता फारच कमी असते, हे त्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. १९४१ च्या निबंधात त्यांनी ग्राफाइटमधील मुक्त इलेक्ट्रॉनांचे वर्तन मांडले. इलेक्ट्रॉन जणू एकेका पापुद्र्यात कोंडलेले असतात, हे चित्र यातून उभे राहिले. ग्राफीनच्या इतिहासात फिलिप वॉलेस यांच्या १९४७ च्या ऊर्जापट्ट्यांच्या गणिताचा उल्लेख अगत्याने होतो. कृष्णन व गांगुली यांचा मात्र क्वचित. हा अन्याय दूर व्हावयास हवा. १९५८ मध्ये सूल यांनी ग्राफाइटच्या एकल स्फटिकांतील हॉल परिणाम व चुंबकरोध बारकाईने मोजले. बिस्मथप्रमाणेच ग्राफाइटमध्येही इलेक्ट्रॉन व पोकळ्या जवळजवळ समतोल असल्याचे दिसून आले.

यानंतरची काही दशके निसर्गातील पापुद्र्यांपेक्षा माणसाने घडवलेल्या पातळ थरांनी गाजवली. सिलिकॉनच्या पृष्ठभागालगत इलेक्ट्रॉनांचा द्विमितीय थर बनतो, हे आयबीएमच्या फाउलर, फँग, हॉवर्ड व स्टाइल्स यांनी १९६६ मध्ये रोधाच्या हेलकाव्यांवरूनच सिद्ध केले. फेब्रुवारी १९८० मध्ये ग्रनोबल येथे क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना अशाच थरात हॉल रोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलताना दिसला. त्याचे मूलभूत एकक सुमारे २५,८१३ ओहम आहे. पायरीवर असताना प्रवाहाच्या दिशेचा रोध शून्यावर येतो, म्हणजे येथे तीव्र क्षेत्राने रोध वाढण्याऐवजी नाहीसा होतो. त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डॅनियल त्सुई, होर्स्ट श्ट्योर्मर व आर्थर गॉसार्ड यांनी १९८२ मध्ये अपूर्णांकी पायऱ्या शोधल्या. त्यांचा एक समर्थ सिद्धांत राजस्थानात जन्मलेले जैनेंद्र जैन यांनी १९८९ मध्ये मांडला.

१९८८ मध्ये पॅरिसजवळील ओर्से येथे आल्बेर फेर यांना, आणि स्वतंत्रपणे जर्मनीतील युलिश येथे पीटर ग्रुनबर्ग यांना, लोह व क्रोमियमच्या एकाआड एक थरांत महाचुंबकरोध आढळला. अतिशीत तापमानात फेर यांच्या थरांचा रोध चुंबकाने निम्म्यावर येत होता. १९९७ पासून संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये त्याचा वापर सुरू झाला व २००७ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि येथील कारण इलेक्ट्रॉनाचे परिवलन, म्हणजे स्पिन, हे होय. प्रवाहाला कडेस ढकलणाऱ्या बलाचा येथे संबंध नाही. क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या मोजक्या पापुद्र्यांतून पार होणाऱ्या प्रवाहाचा रोध चुंबकाने १९,००० टक्क्यांपर्यंत बदलतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तोही याच कुळातला. दोन्हींना ‘चुंबकरोध’ हे एकच नाव असल्याने होणारा गोंधळ टाळणे आवश्यक आहे.

चिकटपट्टीनंतर

२००४ मध्ये मँचेस्टर येथील आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे सोलत सोलत एका अणूच्या जाडीपर्यंत आणले. ग्राफीनची प्रसिद्धी या साध्या कृतीमुळे झाली; परंतु चुंबकरोधाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. पापुद्र्याखालील विद्युतग्रावर विभव देऊन त्यातील वाहक इलेक्ट्रॉन असावेत की पोकळ्या, हे ठरवता येऊ लागले. बिस्मथमध्ये समतोल निसर्गाने दिलेला होता, तो बदलणे सोपे नव्हते; ग्राफीनमध्ये तो प्रयोगकर्त्याच्या बोटाखाली आला. २००५ मध्ये मँचेस्टर व न्यूयॉर्क येथील गटांनी ग्राफीनमधील वैशिष्ट्यपूर्ण क्वांटम हॉल परिणाम दाखवला, आणि २००७ मध्ये तो तीव्र क्षेत्रात सामान्य तापमानालाही आढळला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने तीन पापुद्र्यांच्या ग्राफीनमधील क्वांटम हॉल अवस्थांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला.

मात्र रोधाच्या वाढीचा मोठा धक्का ग्राफीनने नव्हे, तर एका जुन्या पदार्थाने दिला. टंगस्टन डायटेल्युराइडची स्फटिकरचना १९६६ पासून ज्ञात होती. टेल्युरियमच्या दोन पातळ्यांमध्ये टंगस्टनची पातळी आणि तिच्यात एका दिशेने गेलेल्या टंगस्टनच्या साखळ्या, असा त्याचा पापुद्रा. २०१४ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट काव्हा यांच्या प्रयोगशाळेतील मझहर अली व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा रोध चुंबकीय क्षेत्रात मोजला. साखळ्यांच्या दिशेने प्रवाह आणि थरांना लंब क्षेत्र असताना, ४.५ केल्विन तापमानास व १४.७ टेस्ला क्षेत्रात रोध ४,५२,७०० टक्क्यांनी वाढला, ०.५३ केल्विन व ६० टेस्ला येथे ही वाढ १ कोटी ३० लाख टक्क्यांपर्यंत गेली. त्याहून लक्षणीय बाब अशी की, वाढ कोठेही थांबण्याचे चिन्ह दिसले नाही. ती क्षेत्राच्या वर्गाच्याच प्रमाणात होत राहिली.

दोन पट्ट्यांच्या प्रतिमानाने समान संख्येच्या इलेक्ट्रॉन व पोकळ्यांसाठी भाकीत केले होते ते हेच. त्याच वर्षी प्रकाशउत्सर्जनाच्या मापनांतून या पदार्थात इलेक्ट्रॉन व पोकळ्यांचे जवळजवळ समान आकाराचे कप्पे प्रत्यक्ष दिसले. तापमान वाढवले की हा समतोल ढळतो आणि चुंबकरोधही ओसरतो. काही अभ्यासकांनी स्पिनच्या विशिष्ट रचनेचे पर्यायी स्पष्टीकरण सुचवले, परंतु समतोलाचे स्पष्टीकरणच मुख्यतः टिकून राहिले आहे.

येथे टक्केवारीविषयी सावधगिरी बाळगणे इष्ट ठरते. टक्केवारी काढताना भागाकार केला जातो तो क्षेत्र नसतानाच्या रोधाने, आणि अतिशुद्ध स्फटिकात अतिशीत तापमानास तो अत्यल्प असतो. शिवाय शुद्ध स्फटिकात कण अडथळ्याविना अधिक दूर जातात, म्हणून क्षेत्राचा परिणामही मोठा होतो. काव्हा यांच्याच गटाने २०१५ मध्ये स्फटिक जितका निर्दोष तितका चुंबकरोध मोठा, हा संबंध दाखवून दिला. तेव्हा कोट्यवधी टक्क्यांचा आकडा हा पदार्थाचा गुणधर्म आहे तितकाच तो स्फटिक वाढवणाऱ्याच्या हातोटीचाही निदर्शक आहे. शुबनिकोव्ह यांच्या बिस्मथबाबतही हेच म्हणावे लागते. विक्रमांच्या शर्यतीत हा मुद्दा सहसा मागे पडतो.

पापुद्रे कमी करत गेल्यास काय होते, हे जिनिव्हा येथील अल्बेर्तो मॉर्पुर्गो यांच्या गटाने २०१५ मध्ये तपासले. पातळ नमुन्यांत कणांची गतिशीलता घटते व चुंबकरोध झपाट्याने कमी होतो, पण दोन पट्ट्यांचे गणित लागू पडतच राहते. हवेतील ऑक्सिजनने पृष्ठभाग बिघडतो, ही अडचणही त्यात भर घालते. अखेर एकच पापुद्रा उरला की पदार्थाचे स्वरूपच पालटते : तो आतून विसंवाहक व केवळ कडांनी वाहक बनतो, असे २०१७ व २०१८ मधील प्रयोगांत सिद्ध झाले. म्हणजे हॉल यांच्या वर्खाच्या उलट, येथे पातळपणामुळे अपेक्षित परिणाम वाढण्याऐवजी हरवतो. पातळ तितके चांगले, हा नियम आडव्या विभवांतरासाठी खरा आहे. रोधाच्या वाढीसाठी तो तसाच लावता येत नाही.

याला अपवाद शोधावयाचा तर एकाच पापुद्र्यात समतोलही हवा आणि कणांना मोकळी वाटही. ग्राफीनमध्ये दोन्ही साधता येते, हे मँचेस्टर येथील गाइम यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवले. बोरॉन नायट्राइडच्या पापुद्र्यांमध्ये बंदिस्त करून निर्दोष ठेवलेले ग्राफीन त्यांनी विद्युतग्राच्या साहाय्याने बरोबर उदासीन बिंदूवर आणले. तेथे उष्णतेमुळे निर्माण झालेले इलेक्ट्रॉन व पोकळ्या समसमान असतात. सामान्य तापमानास, केवळ ०.१ टेस्ला क्षेत्रात, त्याचा रोध दुपटीहून अधिक झाला. हे क्षेत्र हॉल यांच्या विद्युत्‌चुंबकाच्या क्षेत्राच्या जेमतेम एकतृतीयांश भरते. क्षेत्र काही टेस्लांपर्यंत वाढवल्यावर मात्र रोध वर्गाच्या प्रमाणात न वाढता सरळ क्षेत्राच्या प्रमाणात वाढू लागला, आणि ही वाढ तापमानावर जवळजवळ अवलंबून नव्हती. जवळच धातुसदृश थर ठेवून कणांमधील परस्परक्रिया झाकली असता ती दबते. म्हणून तिचे मूळ अनेक कणांच्या एकत्रित वर्तनात असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. कापित्सा यांनी १९२८ मध्ये नोंदवलेली सरळ रेषा अशा रीतीने एका अणूच्या जाडीच्या पापुद्र्यात पुन्हा उमटली आहे, आणि तिचा संपूर्ण सिद्धांत अद्याप लिहिला जावयाचा आहे.